युद्धापूर्वीचा ब्लॉक आणि गावची पांढरी

गेल्या पोळ्याच्या सुमारास सौंसरास एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम झाला. घर जुने आहे. सागवानी खांब, वर कवेलू, पुढे छपरी, मागे वाडी आणि मधल्या खोलीत पूर्वाभिमुख देव्हारा. स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त मुंबईस असतात आणि तेथे स्वतःचे घर घ्यावे म्हणून शोधात आहेत. त्यांनी धाडलेली एक जाहिरात स्नेह्यांनी आमच्यापुढे ठेवली. गावदेवीच्या प्रतिष्ठित वस्तीत, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इमारतीत, संपूर्ण नूतनीकरण केलेला फ्लॅट विकणे आहे. छत उंच, फरश्या मूळच्या, दारे बर्मी सागाची. किंमत कित्येक कोटी रुपये. आम्ही वाचून ती परत दिली, तेव्हा स्नेही म्हणाले, “भाऊ, आमचा हा वाडाही तितकाच जुना. सागवान याच्यातही आहे. मग त्याले कोटी अन् याले गिऱ्हाईकच नाही, असं काहून?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर देता देता दिव्याची वेळ टळून गेली, आणि तरीही ते पुरते झाले नाही. उरलेले येथे लिहीत आहो.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख मराठी बोलणारा असला तरी महाराष्ट्रात नाही, हे आमच्या कोंकणपट्टीतील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र तिकडेच राहिला आणि त्याबरोबर हे दोन तालुकेही राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील मुलगा पोटापाण्यासाठी आधी नागपुरास जातो, मग पुण्यामुंबईस. आणि गावचे घर मागे उरते. असे वाडे विकले जाताना आम्ही पाहिले आहेत. गिऱ्हाईक येते ते खांबांचा घेर मोजते, तुळया मोजते आणि भाव सांगते. म्हणजे विकले जाते ते लाकूड. घराला भाव नसतोच.

याचे कारण समजण्यास आपल्या गावरचनेतील एक जुना शब्द उपयोगी पडतो. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. (पांढुर्ण्याच्या नावातही हा शब्द ऐकू आल्यासारखा वाटतो, व्युत्पत्ती काय असेल ती असो.) काळीला सारा होता, दर होता, तिच्यावर कर्ज निघे. पांढरीतली जागा मनुष्यास मिळे ती तो त्या गावचा आहे या नात्याने. शेतकरी, बलुतेदार, देवळाचा गुरव, ज्याची त्याची जागा पांढरीत ठरलेली होती. हे चित्र फार गोड करून सांगण्याचे कारण नाही. गावकुसाबाहेर ज्यांची वस्ती होती त्यांस ही पांढरी कधीच आपली म्हणता आली नाही, आणि पुढे मुंबईच्या घरांविषयी लिहिताना ही गोष्ट पुन्हा आठवावी लागणार आहे. परंतु एवढे खरे की पांढरीतल्या घराची किंमत त्या गावात राहण्यातच होती. राहणारा गेला की किंमत गेली.

आता गावदेवीकडे वळू. पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते आणि जिंकलेला झेंडा चंडीमातेच्या चरणी नेतात. गावाच्या सुखदुःखाला साक्षी असणारी अशी एक देवी गावोगाव असते. मुंबईच्या त्या महागड्या वस्तीचे नावही तेच सांगते. बेटावर शहर पसरण्यापूर्वी तेथे एक गाव होते आणि त्याची गावदेवी होती. इंग्रजी पाट्यांवर तिचे ‘गामदेवी’ झाले एवढेच. तेथील गाव पुसले गेले, देवी राहिली, आणि तिच्या नावाने आज जमिनीचा भाव बोलला जातो.

हे गाव शहराच्या पोटात गेले त्या काळाच्या मध्यावर प्लेग उभा आहे. १८९६ साली मांडवीत त्याची सुरुवात झाली आणि दाट वस्तीची मुंबई रिकामी होऊ लागली. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट मोहल्ले फोडावे, रुंद रस्ते काढावे, मोकळ्या जागा आखून भाडेपट्ट्याने द्याव्या, हे त्याचे काम. ट्रस्टने खोल्या पाडल्या पुष्कळ, गरिबांसाठी बांधल्या त्या मानाने थोड्या, हा आक्षेप त्या काळीच घेतला गेला व तो खोटा नव्हता. पण त्या रस्त्यांच्या कडेने मध्यमवर्गासाठी एक नवीन प्रकारचे घर उभे राहू लागले. गिरगाव-गावदेवीपासून दादर-माटुंग्यापर्यंत त्याचा प्रसार झाला. आजच्या जाहिरातीत त्याला फ्लॅट म्हणतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘ब्लॉक’.

चाळीतली खोली आणि ब्लॉक यांतला भेद एका दाराचा आहे. चाळीत एक लांब सज्जा, त्यावर ओळीने खोल्या, टोकाला सामाईक नळ व संडास. ब्लॉकमध्ये हे सर्व एका दाराच्या आत आले. आज आपणांस यात नवल वाटत नाही. परंतु ज्या लोकांच्या घरी शौचकूप वाडीच्या पार टोकाला असे, तेथून आल्यावर पाय धुतल्यावाचून ओसरी चढत नसत, त्यांस स्वयंपाकघर, देव आणि शौचकूप एकाच छपराखाली, तेही एका मजल्यावर, ही कल्पनाच सोसवेना. त्यावर जो तोड निघाला तो त्या काळच्या नकाशांत स्पष्ट दिसतो. न्हाणीघर व शौचकूप इमारतीच्या मागील अंगास, शक्यतो मागच्या सज्ज्याच्या टोकाला. स्वयंपाकघर त्यापासून एका भिंतीने तरी दूर. आणि देवांसाठी स्वयंपाकघराच्या जवळ भिंतीत एक कोनाडा. आमच्या कोंकणी वाचकांच्या घरची देवाकूड ती हीच, फक्त तिची कूड जाऊन कोनाडा उरला. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेश हलवून पोर्तुगीज अमलाबाहेरच्या प्रियोळास नेणाऱ्या समाजास देव उचलून दुसरीकडे बसविण्याची सवय होती. तिसऱ्या मजल्यावर बसवावे लागतील हे मात्र नवीन होते.

त्या मागच्या सज्ज्याला आणखी एक गोष्ट जोडलेली असे. बऱ्याच इमारतींत मागून वर चढणारा एक अरुंद लोखंडी गोल जिना दिसतो. तो संडास साफ करणाऱ्या माणसासाठी. त्याने पुढच्या जिन्याने येऊ नये, घरातून जाऊ नये, म्हणून तो वेगळा काढला. पाण्याचे संडास आले, डोक्यावरून मैला वाहण्याची गरज त्या इमारतींत उरली नाही, तरी जिना राहिला. गावकुसाबाहेरची रेषा शहरात आली ती अशी, उभी. जुन्या घरांचे कौतुक करणाऱ्यांनी नक्षीदार कठड्यांबरोबर हा जिनाही पाहावा, असे आम्हांस वाटते.

स्नेह्यांचे चिरंजीव त्या जाहिरातीतला ब्लॉक पाहून आले होते. त्यांनी सांगितले की मधल्या दोन भिंती काढून बैठक व स्वयंपाकघर एक केले आहे, मोरी उखडली आहे, फरशी घासून चकचकीत केली आहे. भिंतीतला एक कोनाडा तेवढा ठेवला आहे आणि त्यात छोटा दिवा बसविला आहे. “शोभेसाठी असेल,” असे ते दूरध्वनीवर म्हणाले. स्नेह्यांनी विचारले, स्वयंपाकघराच्या कोणत्या अंगास? मग त्यांस त्याचा उपयोग समजावून सांगितला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हे ब्लॉक बांधले कोणी आणि कोणासाठी? पुष्कळसे शेठसावकारांनी भाड्यासाठी बांधले. परंतु गावदेवीस एक वेगळा प्रयोग झाला, आणि तो ज्या समाजाने केला त्यातील बरेच जण हे पान वाचत असतील.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि होनावर, कुमठा, शिराली भागातील कानडा सारस्वतांच्या तरुणांस शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबई हेच राजधानीचे शहर झाले. कचेऱ्यांतील कारकुनी, वकिली, शिक्षकी. पगार बेताचा, गावाकडे पैसे धाडावयाचे, आणि शहरात बिऱ्हाड मिळणे दुर्घट. या लोकांनी १९०६ साली श्यामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली, जी पुढे बँक झाली. १९११ साली कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाले. या साऱ्या खटपटीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे नाव अग्रभागी आहे. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन तालमकी व त्यांचे सहकारी यांनी १९१५ साली सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदविली आणि गावदेवीस तिच्या इमारती उभ्या राहिल्या. आशिया खंडातील पहिली सहकारी गृहसंस्था असे तिचे वर्णन वारंवार केले जाते. बंगळूरची एक संस्था १९०९ सालची असल्याने या मानावर वाद होऊ शकतो. पण अनेक कुटुंबांनी एका इमारतीत सामाईक मालकीने राहावे या पद्धतीची मुंबईतील सुरुवात येथे झाली, यात संशय नाही.

या पद्धतीचे तत्त्व आज विस्मृतीत गेले आहे, म्हणून ते नीट सांगतो. जमीन व इमारत संस्थेची. सभासदाने भाग घ्यावयाचे, थोडी ठेव भरावयाची, आणि पुढे दरमहा भाडे द्यावयाचे. भाड्यातून कर्ज फिटावयाचे व दुरुस्ती व्हावयाची. म्हणजे सभासद हा एकाच वेळी भाडेकरू व भागीदार. तो गेला किंवा त्याने घर सोडले तर भागाची रक्कम परत घ्यावी, आणि घर संस्थेने यादीतील पुढच्या गरजूस द्यावे. घराचा भाव वाढला म्हणून त्याचा नफा कोणा एकाच्या खिशात जाऊ नये, यासाठी ही सारी मांडणी. आम्हांस यात गावच्या पांढरीची सावली दिसते. ज्यांनी ती संस्था काढली त्यांनी इंग्लंडातील सहकारी गृहसंस्थांचा अभ्यास केला असेल. पण राहणाऱ्याला राहण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही, ही कल्पना त्यांच्या आजोळच्या गावांतही होतीच.

मात्र पांढरीबरोबर पांढरीचे कूसही आले. संस्था स्वजातीयांची होती. दादर-माटुंगा भागातही पुढे ज्ञातिनिहाय आणि प्रांतनिहाय अशा संस्था निघाल्या. त्याचा दोष त्या पिढीस सरसकट देता येत नाही. अनोळखी शहरात कर्जाला जामीन राहावयाचे तर माणूस ओळखीचा लागतो, आणि ओळख तेव्हा ज्ञातीतूनच असे. एकमेकांच्या घरची भाड्याची थकबाकी वसूल करणे परक्यांमध्ये अवघड गेले असते. असो.

यानंतर युद्ध आले आणि त्याने ‘युद्धपूर्व’ हा शब्द निर्माण केला. युरोपात लढाई १ सप्टेंबर १९३९ रोजी पेटली. मुंबईच्या कायद्यात मात्र महत्त्वाची तारीख आहे १ सप्टेंबर १९४०. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्या दिवशी घराचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे म्हणून गोठविले. शहरात निर्वासितांचे लोंढे येत होते, घरमालक मनमानी करीत होते, कायदा तेव्हा अवश्यच होता. पण तो तात्पुरता म्हणून आला आणि अर्धशतक टिकला. पन्नास-साठ रुपये भाड्यात मालकाकडून गच्चीचे डांबरही होईना. समुद्राची खारी हवा, गंजणारे लोखंडी गर्डर, दर पावसाळ्यात कोठेतरी कोसळणारे सज्जे. शेवटी १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापन करून जुन्या इमारतींवर उपकर बसविला. अशा इमारती तेव्हा १९,६४२ होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गातल्या. म्हणजे जाहिरातीत ज्या शब्दाने वैभव सुचविले जाते तो शब्द मुंबईच्या दप्तरात पडझडीचा वर्ग म्हणून नोंदलेला आहे.

भाडे गोठले तसे पागडीचे प्रस्थ वाढले. ज्यास घर सोडावयाचे तो नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई व तिचा काही हिस्सा मालकास देई. कागदावर काहीच नसे. १९९९ च्या नव्या कायद्याने हा व्यवहार मान्य केला. दरम्यान १९६३ च्या कायद्याने मालकीच्या फ्लॅटांच्या विक्रीस रीतसर स्वरूप आले, आणि घर म्हणजे चढत्या भावाने विकण्याची वस्तू ही समजूत सहकारी संस्थांतही शिरली. भाग परत करून जाण्याची रीत मागे पडली. आज महाराष्ट्रात सभासदाने फ्लॅट विकला तर संस्थेने हस्तांतराचे अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त २५,००० रुपये घ्यावे, असा २००१ सालापासून दंडक आहे. फ्लॅट कोट्यवधीला जावो, संस्थेच्या वाट्यास पंचवीस हजार. बाकीचा सारा नफा, ज्यात रस्त्याचा, गटाराचा, शेजाराचा आणि शंभर वर्षांच्या सामाईक देखभालीचा वाटा आहे, तो एकट्या विकणाऱ्याचा. बेकायदेशीर यात काही नाही. १९१५ च्या लोकांस मात्र हा हिशेब समजला नसता.

मग त्यांच्या दोन तत्त्वांपैकी कोणते उरले? नफा न घेण्याचे गेले. स्वजातीयांपुरते दार उघडण्याचे राहिले. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा संस्थेचा उपनियम वैध आहे. तो निर्णय आल्यावर आपल्याही मंडळींत समाधान व्यक्त झालेले आम्ही ऐकले. आम्हांस त्या समाधानात भागी होता आले नाही. ज्ञातीचे दार तेव्हा गरजेपोटी घातले होते, आणि घर गरजूस मिळावे, नफेखोरास मिळू नये, या मुख्य हेतूचे ते साधन होते. हेतू सोडून साधन जपावयाचे, ज्ञातीतल्या श्रीमंताने ज्ञातीतल्या श्रीमंतास कोटीच्या भावाने घर विकावयाचे आणि त्याला पूर्वजांचा वारसा म्हणावयाचे, हे आम्हांस पटत नाही. पगारदार मुलास, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, परवडेल अशा भाड्याने दोन ब्लॉक जरी एखाद्या जुन्या संस्थेने राखून ठेवले, तरी तालमकींच्या कामाशी तिचे नाते अधिक खरे ठरेल. वाचकांपैकी काहींस हे रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही जे दिले ते थोडक्यात असे. मुंबईच्या त्या घराची किंमत सागाची नाही, उंच छताचीही नाही. ट्रस्टने आखलेला रस्ता, जवळचा समुद्र, लॅबर्नम रस्त्यावरचे मणिभवन, जेथे १९१७ ते १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आल्यावर उतरत, या शेजाराची ती किंमत आहे. आणि त्याहूनही, तेथे आता नवी पांढरी निघणे नाही, याची आहे. तुमच्या वाड्याखाली स्वतःची जमीन आहे, त्या फ्लॅटखाली दुसऱ्याचा फ्लॅट. तरीही जग तिकडे जाते, म्हणून भाव तिकडे. स्नेही म्हणाले, “म्हणजे माणसं जिकडे गेली तिकडे किंमत गेली.” आम्ही होय म्हटले. मग त्यांनी वाडा लाकडासाठी मागणाऱ्या व्यापाऱ्यास काय कळवावे असे विचारले. ते आम्हांस सांगता आले नाही. चिरंजीवांनी तो गावदेवीचा ब्लॉक घेतला नाही, हे उघडच आहे; ते डोंबिवलीकडे पाहत आहेत.

गावदेवी, ताडदेव, दादर, माटुंगा येथील जुन्या ब्लॉकांत ज्यांचे बालपण गेले, अशा वाचकांस एक विनंती. घर विकताना किंवा इमारत पुनर्बांधणीस देताना जुनी भाडेपावती, भागपत्र, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, बांधकामाचा मूळ नकाशा असे काही हाती लागले तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. नकाशावर मागचा जिना असेल तर तो असल्याचे आवर्जून कळवावे. सौंसरच्या वाड्याचे माप स्नेह्यांनी दोरी लावून स्वतः घेतले आहे. छपरीपासून वाडीच्या टोकापर्यंत ते त्रेसष्ट हात भरले. देव्हाऱ्याची खोली त्यांनी दोनदा मोजली.